दहा वाजता भरलेला रस्ता: पेठांतलं पार्किंग कुणाच्या वाट्याला येतं?

पुण्यात पार्किंगवरून वाद पेटला की वर्तमानपत्रांत दोनच बाजू छापून येतात. व्यापारी म्हणतात, गाडी लावायला जागा नाही म्हणून गिऱ्हाईक मॉलकडे वळतं. महापालिका आणि वाहतूक पोलीस म्हणतात, लोकांना शिस्त नाही. या दोघांच्या मध्ये एक मोठा वर्ग आहे आणि त्याला कुणीच विचारत नाही. साडीच्या दुकानात दिवसभर घड्या उलगडून पुन्हा घालणाऱ्या बायका, सराफी पेढीवरचे कारागीर, अप्पा बळवंत चौकात पुस्तकांचे गठ्ठे उचलणारी मुलं, तुळशीबागेतल्या गाळ्यांवरच्या मुली. लक्ष्मी रस्त्याच्या परिसरात रोज सगळ्यांत आधी येणारे आणि सगळ्यांत शेवटी जाणारे हेच. म्हणजे सगळ्यांत जास्त वेळ गाडी लावणारेही हेच.

पार्किंगचे नियम त्यांच्या बाजूने वाचले की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. नियम चांगला असूनही कोंडी का सुटत नाही, याचाही.

रस्त्याची कड सकाळीच संपते

पेठांतली दुकानं साधारण दहा-साडेदहाला शटर वर करतात. त्याच्या आधी थोडा वेळ कामावरची माणसं येऊन पोचतात. रस्ता बराचसा मोकळा असतो, पट्ट्याच्या आत जागा असते, म्हणून जो तो आपापल्या दुकानासमोर गाडी लावून आत जातो. लग्नाचा बस्ता बांधायला निघालेलं कुटुंब बाराला पोचतं तेव्हा कडेला गाड्यांची सलग रांग लागलेली असते, आणि ती रात्री नऊपर्यंत हलत नाही. मग कुटुंबप्रमुख दोन चकरा मारतो, तिसऱ्या चकरेला वैतागतो, आणि ‘पाचच मिनिटं’ म्हणत रांगेला लागून दुसरी रांग सुरू करतो. कोंडीची सुरुवात बहुतेक वेळा अशी होते.

जरा हिशोब मांडून बघू. मोटारीची एक जागा म्हणजे अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब. कडेच्या त्याच पाच मीटरांत पाच दुचाक्या आडव्या नीट लागतात, दाटीवाटीने सहाही बसवता येतात. त्यातली एका दुचाकीची जागा धरा. सकाळी १० ते रात्री ९ म्हणजे ११ तास. दिवसभर एकच गाडी उभी राहिली तर ती जागा एका माणसाच्या कामी आली. दर पाऊण तासाला गाडी बदलत गेली तर तीच जागा १४ जणांच्या कामी येते. दुकानदाराच्या फायद्याचं काय, हे सांगायला नको. तरीही दुकानासमोर अडून बसलेली गाडी पुष्कळदा त्याच्याच माणसाची असते, किंवा त्याची स्वतःची. व्यापाऱ्यांच्या बैठकीत ‘पार्किंग नाही’ हे तावातावाने बोललं जातं, ही गोष्ट मात्र कुणी काढत नाही.

यात कामावरच्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. पेठेत त्याला घर परवडत नाही. तो धायरीहून, कात्रजहून, वारज्याहून, हडपसरहून येतो. दुकान नऊला बंद होतं, मग माल आत घेणं, गल्ल्याचा हिशोब, झाडलोट. तोवर बसच्या फेऱ्या विरळ झालेल्या असतात आणि दोन बस बदलून घरी जायचं म्हणजे स्वयंपाकाला अकरा. हप्त्यावर घेतलेली गाडी ही त्याची हौस नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात बायकांना रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचं तर त्यांची संमती, सुरक्षितता आणि घरी जाण्याची सोय, हे सगळं मालकाने बघायचं असतं. आता शटर सव्वानऊला खाली आलं तर? तर कायदा मालकाला काही विचारत नाही. घरी पोचायचं ते ज्याचं त्याने.

म्हणून दुकानासमोरचं फुकट पार्किंग हा खरं तर पगाराचाच एक भाग आहे. फक्त तो मालकाच्या खिशातून जात नाही, शहराच्या रस्त्यातून जातो.

नियम नेमका कोण करतं

आपण ‘महापालिकेने नो पार्किंग केलं’ असं म्हणतो, पण रस्त्यावर गाडी कुठे उभी करायची आणि कुठे नाही हे ठरवण्याचा अधिकार मोटार वाहन कायदा, १९८८ मधून येतो. त्याच्या कलम ११७ नुसार राज्य सरकारने, किंवा सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने, स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून गाड्या थांबवण्याच्या जागा ठरवायच्या. शहरात व्यवहारात हे काम वाहतूक पोलीस करतात. त्यांचा उपायुक्त आदेश काढतो. रस्ता मात्र महापालिकेचा. पट्टे मारणं, फलक लावणं, पदपथ रुंद करणं, वाहनतळ बांधणं आणि तो ठेक्याने देणं हे तिच्याकडे.

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसं होतं. पोलिसांचा आदेश निघतो आणि फलक महिनोन् महिने लागत नाही. किंवा पदपथ रुंद होऊन पार्किंगचा पट्टा गायब होतो आणि जुना फलक तसाच राहतो. भांडण होतं ते रस्त्यावरच्या हवालदाराशी, ज्याने यातलं काहीच ठरवलेलं नसतं.

तिसरा हात इमारतीच्या नियमांचा. नव्या बांधकामात किती गाड्यांची जागा ठेवायची हे विकास नियंत्रण नियमावली सांगते. मुंबई वगळता बहुतेक राज्यासाठी २०२० च्या डिसेंबरपासून एकच नियमावली आहे. पण पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या वेळी गाड्याच नव्हत्या, आणि नव्या इमारतीच्या नकाशात दाखवलेल्या तळघरात अनेकदा गोडाऊन निघतं. कागदावर तिथे गाड्या लागलेल्या असतात. प्रत्यक्षात त्या गाड्या वर रस्त्यावर, आणि खाली तळघरात दुकानाचे खोके.

पी-१, पी-२: तारखेवर चालणारा रस्ता

पुण्यात नवीन आलेल्या माणसाला पहिला धडा मिळतो तो या फलकाचा. रस्त्याच्या एका बाजूला पी-१, समोर पी-२. विषम तारखेला एका बाजूला गाडी लावायची, सम तारखेला दुसऱ्या. अरुंद रस्त्यावर दोन्हीकडे गाड्या लागल्या तर मधून वाट उरत नाही, आणि कायमची एकच बाजू दिली तर समोरचे दुकानदार गप्प बसणार नाहीत. म्हणून हा आळीपाळीचा तोडगा. दिसायला साधा आहे आणि त्याचं कौतुक करायला हवं असा एक गुण त्यात आहे: नियम मोडला की नाही हे बघायला पोलिसाला पावती, यंत्र, घड्याळ काही लागत नाही. दिनदर्शिका पुरते. (३१ तारखेनंतर १ येते, दोन्ही विषम. वर्षातून सात वेळा एकच बाजू सलग दोन दिवस भरते. आळीपाळीला एवढी सूट चालायची.)

पण हा नियम कुठली बाजू ते सांगतो. किती वेळ, यावर तो काहीच बोलत नाही. विषम तारखेला सकाळी साडेनऊला योग्य बाजूला लावलेली गाडी रात्री साडेनऊपर्यंत पूर्णपणे कायदेशीर. दोन्ही बाजूंच्या दुकानदारांत न्याय झाला, दिवसभराचा माणूस आणि अर्ध्या तासाचा माणूस यांच्यात काहीच वाटणी झाली नाही. लवकर येईल त्याची जागा, हा जुनाच नियम आत शाबूत राहिला.

आणि मध्यरात्री तारीख बदलते तेव्हा पेठेत राहणाऱ्यांचं काय? त्यांनी रात्री झोपायच्या आधी किंवा सकाळी दात घासायच्या आधी गाडी समोर नेऊन लावायची. वाड्याच्या जागी पाच मजले आले, बिऱ्हाडागणिक दोन दुचाक्या आल्या आणि आवार तेवढंच राहिलं. त्यामुळे सकाळी कामगार येतो तेव्हा रांगेत रहिवाशांच्या गाड्या आधीच असतात. ही चढाओढ गिऱ्हाईक उठायच्या आधी होऊन गेलेली असते.

दंड सगळ्यांना सारखा, पण सारखा लागत नाही

चुकीच्या जागी गाडी लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपये आणि पुन्हा केलं तर १,५०० रुपयांपर्यंत दंड. महाराष्ट्रात हे वाढीव दर २०२१ च्या डिसेंबरपासून लागू झाले. गाडी उचलून नेली तर टोइंगचा खर्च वेगळा.

आता महिना १२ ते १५ हजार पगाराचा माणूस धरा. २६ दिवसांनी भागलं तर त्याचा दिवस साधारण ४६० ते ५८० रुपयांचा. म्हणजे पहिली चूक एका दिवसाच्या मजुरीएवढी, दुसरी तीन दिवसांच्या. शिवाय गाडी सोडवायला चौकीपर्यंत जायचं, रांगेत थांबायचं, कागद दाखवायचे; मालक त्याचा खाडा धरतो तो निराळाच. ज्याची मोटार वीस लाखांची आहे त्याला तेच ५०० रुपये पार्किंगच्या दरासारखे वाटतात. आणि उचलायला सोपी दुचाकीच. चार पोरं टेम्पोतून उतरतात, पुढचं चाक एकाने, मागचं दुसऱ्याने, मिनिटभरात गाडी वर. मोटारीला क्रेन आणावी लागते नाहीतर जॅमर लावून वाट बघावी लागते. त्यामुळे जास्त जागा खाणाऱ्यापेक्षा कमी जागा खाणारा आधी सापडतो. हे कुणी मुद्दाम करतं असं मी म्हणत नाही. उचलण्याची सोयच तशी आहे.

दंड जबर केला की प्रश्न सुटतो का, याचा प्रयोग मुंबईने केला. ७ जुलै २०१९ पासून सार्वजनिक वाहनतळाच्या ५०० मीटरच्या आत रस्त्यावर मोटार सापडली तर १० हजार रुपये घ्यायला महापालिकेने सुरुवात केली. उद्देश हा की लोकांनी वाहनतळांत जावं. त्यातले बरेच वाहनतळ बिल्डरला जादा एफएसआय, म्हणजे जास्त बांधकामाची मुभा, देऊन त्या बदल्यात बांधून घेतलेले. म्हणजे जिथे बिल्डरला इमारत उंच करायची होती तिथे वाहनतळ झाला. जिथे माणसं गाडी घेऊन येतात तिथे तो असेलच असं नाही. ओरड झाली आणि पुढे दंडाची रक्कम खाली आणावी लागली. माणूस गाडी तिथे लावतो जिथून त्याला चालत जाता येतं.

तासाला पैसे, हे ऐकायला बरं

राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण २००६ चं. त्यात सरळ म्हटलंय की शहरात जमीन मौल्यवान आहे आणि पार्किंगचं शुल्क त्या जमिनीच्या किमतीला साजेसं असावं. पुणे महापालिकेने २०१८ च्या मार्चमध्ये याच धर्तीवर सार्वजनिक पार्किंगचं धोरण मंजूर केलं: भाग, वेळ आणि वाहन बघून दर. त्याच सुमाराला शहरातल्या नोंदणीकृत वाहनांचा आकडा ३६ लाखांच्या पुढे गेला होता, लोकसंख्येहून जास्त. तरीही विरोध एवढा झाला की धोरण आधी निवडक रस्त्यांपुरतं, प्रायोगिक म्हणून घ्यायचं ठरलं आणि अंमलबजावणी पुढे रखडत राहिली. अधूनमधून प्रस्ताव वर येतो, निवडणूक जवळ आली की खाली जातो.

धोरणामागचा विचार मात्र समजून घेण्यासारखा आहे. अमेरिकेतले नगररचनेचे प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी तो आयुष्यभर मांडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: रस्त्यावरच्या पार्किंगचा दर एवढाच ठेवा की प्रत्येक टप्प्यात एक-दोन जागा कायम रिकाम्या राहतील. जागा कधीच मिळत नसेल तर दर कमी पडतोय. निम्म्या जागा ओस असतील तर दर जास्त झालाय. गर्दीच्या वेळी खानावळीत जेवण झालेल्याने ताट उचलून उठावं म्हणजे दाराशी थांबलेल्याला बसता येतं, तेवढंच हे. सॅन फ्रान्सिस्कोने २०११ पासून रस्त्यात सेन्सर बसवून हा विचार काही भागांत आजमावला. मागणी बघून दर थोडे थोडे बदलत गेले, आणि गंमत म्हणजे पुष्कळ ठिकाणी ते उतरले, कारण आधीचा सरसकट दर तिथे फार होता.

हा विचार मला पटतो. पण तो मूळचा मोटारीवाल्यांच्या शहरासाठी आहे. लक्ष्मी रस्त्यावर तो जशाच्या तसा आणला तर काय होईल बघा. दुचाकीला तासाला ५ रुपये धरू. हा माझा कल्पनेतला आकडा. बस्ता बांधायला आलेल्याला दोन तासांचे १० रुपये, त्याला ते जाणवणारही नाहीत. दुकानातल्या मुलाला ११ तासांचे ५५, महिन्याचे १,४३०. पगाराचा दहावा हिस्सा. तो ते देणार नाही, देऊ शकत नाही. तो गाडी वळवून नारायण पेठेच्या किंवा सदाशिव पेठेच्या गल्लीत शिरेल आणि कुणाच्या तरी दाराशी लावेल. तिथे ‘येथे गाडी लावू नये, हवा सोडण्यात येईल’ ही पाटी आहेच. हमरस्ता मोकळा झाल्याचे फोटो छापून येतील आणि भांडण गल्लीत जाईल, जिथे फोटोवाला जात नाही.

म्हणून हमरस्त्यावर तासाचा दर लावायचा तर दिवसभराच्या गाड्यांसाठी दुसरी जागा आधी ठरवायला हवी. मागाहून नाही. पेठांच्या आसपास वाहनतळ आहेत. मंडईजवळ आर्यन आणि मिनर्व्हा आहेत, नारायण पेठेत हमालवाडा आहे. कामावरच्या माणसाने तिथे जावं असं सगळ्यांनाच वाटतं. तो का जात नाही, हे त्याला विचारलं तर तीन-चार गोष्टी लगेच कळतात. रात्री साडेनऊला शेवटचा माणूस बाहेर पडतो तेव्हा वाहनतळ उघडा असेल का आणि वरच्या मजल्यावर दिवे असतील का. एकट्या मुलीला तिथून गाडी काढायला भीती वाटेल का. मंडईपासून लक्ष्मी रस्त्यावरच्या कुंटे चौकापर्यंतचं अंतर दिवसा काहीच नाही, पण बारा तास उभं राहिल्यावर पायांना ते कळतं. मासिक पास आहे का, असेल तर दिवसाच्या दरापेक्षा खरंच स्वस्त आहे का. आणि तो खिडकीवर मागितला तर मिळतो का, कारण ठेकेदाराला सुट्या पावत्यांत जास्त रस असतो.

पाससाठी पैसे कुणी भरायचे, या प्रश्नावर माझं मत स्पष्ट आहे: मालकाने. समोरची जागा सुटली तर गिऱ्हाईक त्याचं वाढणार आहे. दहा माणसं कामाला असतील तर दहा पास, आणि दुकानाच्या परवान्याबरोबर त्याची नोंद. हे अगदीच हवेतलं नाही. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहराने २०१२ च्या एप्रिलपासून कामाच्या ठिकाणच्या पार्किंगवर आकार बसवला. ज्या मालकाकडे कर्मचाऱ्यांसाठी ११ किंवा त्याहून जास्त जागा आहेत त्याने जागेमागे वर्षाला ठरावीक रक्कम भरायची, आणि तो पैसा ट्रामच्या विस्तारासारख्या कामांत घालायचा. काही मालकांनी तो भार कर्मचाऱ्यांवरच ढकलला, हेही झालं; त्यामुळे पुण्यात तसं करायचं तर ढकलायची वाट नियमातच बंद करावी लागेल. कॅलिफोर्नियाने १९९२ मध्ये उलट्या बाजूने सुरुवात केली. भाड्याच्या जागेत कर्मचाऱ्याला फुकट पार्किंग देणाऱ्या मोठ्या मालकांना कायद्याने सांगितलं, ज्याला ती जागा नको त्याला तिच्या किमतीएवढी रोख रक्कम द्या. बसने येणाऱ्याला आजवर काहीच मिळत नव्हतं, गाडीवाल्याला मात्र मिळत होतं, ही गोष्ट त्यामुळे उघड्यावर आली. आपल्याकडे दुकानातल्या किती जणांना मालक बसचा मासिक पास काढून देतात?

गाडी नसलेल्यांचं काय

पार्किंगच्या चर्चेत गाडी नसलेला माणूस धरलेलाच नसतो. पेठेत येणाऱ्यांत तो भरपूर आहे. रस्त्यांच्या कामांसाठी असलेल्या भारतीय मानकांत पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी वाट हवी असं लिहिलेलं आहे. दोन चाकाच्या खुर्च्या समोरासमोर आल्या तरी निघून जातील एवढी. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या मे महिन्यात पादचाऱ्याचा पदपथावरचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं. आणि प्रत्यक्षात पदपथावर दुकानाची मांडणी, पुढे पथारी, मग कडेला आडव्या गाड्या, त्यांची हँडलं अर्धा हात आत आलेली. आजीला तुळशीबागेत जायचं तर ती रस्त्यावरूनच चालणार.

बसथांब्याजवळ हे आणखी त्रासाचं होतं. थांब्यापुढे रिक्षा आणि दुचाक्या लागलेल्या असल्या की बस कडेला येत नाही, रस्त्याच्या मधोमध उभी राहते. पदपथावरून चढायचं असतं तेव्हा पायरी जेमतेम असते. रस्त्यावरून चढायचं म्हटलं की तीच पायरी गुडघ्याएवढी होते. पिशवी एका हातात, दुसरा हात दांडीला, मागून दुचाकी सुसाट. पार्किंगची एक रांग चुकीच्या जागी असली की बसचा प्रवास म्हाताऱ्या माणसासाठी बंद होतो, इतका सरळ संबंध आहे.

पथारीवाल्यांचा मुद्दा नाजूक आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना विक्रीच्या ठरलेल्या जागेचा आणि प्रमाणपत्राचा हक्क दिला. पण जागा ठरवायला बसलं की प्रत्येक मीटरवर आधीच गाडी उभी असते. मोटारीची एक जागा मोकळी केली तर दोन-तीन पथाऱ्या सहज बसतात, म्हणजे दोन-तीन घरं चालतात. रस्त्याच्या कडेचं भाडं काढायचंच तर हेही त्या पारड्यात टाकावं लागेल.

टेम्पोवाला आणि हमाल यांना तर पार्किंगच्या भाषेत नावच नाही. रविवार पेठेत, भवानी पेठेत माल उतरायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, पण त्यासाठी राखलेली जागा क्वचित. मग टेम्पो दुसऱ्या रांगेत उभा राहतो, दंड ड्रायव्हरच्या नावावर पडतो आणि तो भरायचा कुणी यावर ड्रायव्हर आणि मालक यांची हुज्जत. प्रत्येक टप्प्यात एक जागा ‘फक्त माल उतरवण्यासाठी, १५ मिनिटं’ अशी रंगवली तरी बरीच कोंडी ढिली होईल. रंगाचा खर्च मोठा नाही.

२०२१ पासून ११ डिसेंबरला महापालिका पादचारी दिन करते. लक्ष्मी रस्ता नगरकर तालीम चौकापासून गरुड गणपती चौकापर्यंत त्या दिवशी गाड्यांना बंद. रांगोळ्या, खेळ, गाणी, लोक रस्त्याच्या मधून फिरतात आणि खूश होतात. मलाही तो दिवस आवडतो. दुकानं त्या दिवशी उघडीच असतात, म्हणजे कामावरची माणसंही येतातच. त्यांच्या गाड्या त्या दिवशी कुठे लागल्या याची नोंद कुणी ठेवली, तर बाकीच्या ३६४ दिवसांच्या नियोजनाला रांगोळीपेक्षा जास्त उपयोग होईल.

बस आणि मेट्रो

२९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि कसबा पेठ, मंडई ही स्थानकं उघडली. लक्ष्मी रस्त्याला चालत येता येईल असं स्थानक मिळालं. त्याआधी २०२१ मध्ये पीएमपी या शहर बससेवेने ‘पुण्यदशम’ आणली, तेव्हा १० रुपयांत पेठांत दिवसभर हवं तितकं फिरता यायचं. गिऱ्हाइकासाठी दोन्ही सोयीच्या. कामगारासाठी मात्र घराजवळचं टोक महत्त्वाचं. धायरीच्या आतल्या गल्लीतून मेट्रोपर्यंत येण्यासाठी गाडीच काढावी लागत असेल तर ती गाडी पुढे पेठेत आल्याशिवाय राहत नाही. स्थानकाजवळ दिवसभर दुचाकी ठेवायची स्वस्त सोय उपनगरात केली, तर मंडईत वाहनतळाचा आणखी एक मजला चढवण्यापेक्षा ते फायद्याचं ठरेल असं मला वाटतं.

आदेश निघाला की काय बघायचं

पार्किंगमधला बदल बहुतेकदा वाहतूक उपायुक्तांच्या तात्पुरत्या आदेशाने सुरू होतो. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते, त्यात हरकती-सूचना मागवलेल्या असतात, मुदत दिलेली असते. दुकानदारांच्या संघटनेचं पत्र त्या मुदतीत पोचतं. कामगारांचं सहसा जात नाही, कारण बातमी वाचली तेव्हा हा आपला विषय आहे असं कुणाला वाटलंच नाही.

बातमी हाती आली की बाजू कुठली हे नंतर बघा. वेळेची मर्यादा आहे का, हे आधी बघा. असेल तर दिवसभराची गाडी कुठे लावायची ते त्याच आदेशात लिहिलंय का, आणि ती जागा रात्री किती वाजेपर्यंत उघडी आहे. माल उतरवायची जागा राखली आहे का. बसथांब्याच्या पुढे-मागे किती मीटर मोकळे ठेवले आहेत. यातलं जे नसेल तेच हरकतीत लिहायचं. मराठीत, एका कागदावर, दुकान कुठल्या चौकाजवळ आहे आणि सुटायची वेळ काय हे घालून, सोबत पाच-दहा जणांच्या सह्या असल्या तर उत्तम. वकील लागत नाही. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्यायला तेवढं विसरू नका.